गोरज मुहूर्तावर आलेला टॉर्नेडो

रडारच्या पडद्यावर लाल आणि हिरवा रंग एकमेकांना चिकटून दिसले आणि मी खुर्चीतून उठलेच.

आमची छोटी खाजगी कंपनी पुण्यातल्या लॉनवाल्यांना, बिल्डरांना हवामानाचा अंदाज देते. आमचं रडार ढगातला वारा रंगांत दाखवतं. हिरवा म्हणजे वारा आपल्याकडे येतोय, लाल म्हणजे दूर जातोय. दोन्ही अगदी शेजारी दिसले, तर ढगाच्या पोटात वारा गरगर फिरतोय. अशा ढगातून कधी कधी सोंड उतरते. ती जमिनीला टेकली की टॉर्नेडो. चक्रीवादळ वेगळं. ते समुद्रावर जन्मतं आणि बरंच आधी कळवून येतं. टॉर्नेडो एखाद्या गल्लीएवढा रुंद असतो आणि बघता बघता संपतो.

हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, पुण्यावर कधीच नाही. भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, त्यात आनंदही होता.

आमचे साहेब, देशमुख सर, धावत आले. पडदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. त्यांची शंका रास्त होती. आपल्या देशात टॉर्नेडो होतात ते बहुतेक बंगाल, ओडिशा, आसामकडे, पावसाळ्याआधी, दुपार कलल्यावर. तिथे खाली उपसागराची दमट हवा असते आणि वर कोरडी. आपल्याकडे वळीव, गारा, फार तर झाडं पडतात. वेळ जुळत होती, जागा जुळत नव्हती.

"पुण्यात टॉर्नेडो म्हणालात तर उद्या मंडईत भाजीवाले हसतील," सर म्हणाले.

"शब्द नका वापरू. पण ढग येरवड्याकडे चाललाय. तिथे सातवांच्या लॉनवर आज लग्न आहे."

सरांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "लावा फोन."

सातव आमचे जुने क्लायंट. मी त्यांना सांगितलं, मंडप रिकामा करा, सगळ्यांना स्लॅबच्या भोजनहॉलमध्ये न्या. ते म्हणाले, थोडा वारा सुटलाय इतकंच. गोरज मुहूर्त जवळ आलाय, मुलीचे वडील ऐकायचे नाहीत. मी म्हटलं, त्यांनाच फोन द्या.

"अहो, लोकांच्या हातात अक्षता आहेत," वडील म्हणाले. "आत्ता कुठे हलवू?"

"अक्षता हातातच राहू द्या, माणसं आत न्या. खिडक्यांपासून लांब बसवा."

मागे सनई चालू होती. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, खात्री आहे?"

खात्री नव्हती. "नाही," मी म्हटलं. "पण माझी मुलगी तिथे असती तर मी तिला आत नेलं असतं."

सनई थांबली. खुर्च्या सरकल्याचे, हाका मारल्याचे आवाज आले. मग पत्र्यावरून ट्रक ओढल्यासारखा एक लांब आवाज, आणि फोन कट झाला. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो माझ्या हातात तसाच राहिला.

थोड्या वेळाने सातवांचा फोन आला. मंडप गेला होता. लोखंडी खांब पिळले होते. नवरा-नवरीच्या खुर्च्या कंपाउंडपलीकडे पडल्या होत्या. एका आचाऱ्याचा हात खरचटला, बाकी सगळे सुखरूप. लग्न भोजनहॉलमध्ये, जिलबीच्या पातेल्यांशेजारी लागलं.

सकाळी आम्ही पाहणीला गेलो. साधं वादळ झाडं एकाच दिशेला पाडतं. इथे एका अरुंद पट्ट्यात ती चहूकडे पडली होती आणि शेजारच्या गॅलरीतली तुळस जागची हलली नव्हती. त्या पट्ट्यातून मी फोटो काढत लहान मुलीसारखी पळत होते. रिपोर्टमध्ये सरांनी 'टॉर्नेडोसदृश' लिहिलं. मी 'सदृश' खोडलं. त्यांनी ते परत घातलं. आता ते कंसात आहे.

आमच्या धंद्यात 'दुर्मीळ' हा शब्द आम्ही फार सहज वापरतो. ऐकणारा त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा घेतो आणि सवयीने आम्हीही घेतो. हल्ली क्लायंटला शक्यतेचे टक्के सांगण्याआधी मी एकच विचारते: पक्क्या स्लॅबची जागा कुठे आहे?