निरोगी, अविवाहित

घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत मी आरोग्यसेविका होते. मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, वजनं घ्यायची आणि गोळ्या गटारात टाकल्या की ओरडायचं, हे माझं काम. कांजूरमार्गच्या माझ्या खोलीत ओरडायलासुद्धा कुणी नव्हतं, म्हणून सगळं तोंडसुख वस्तीतच घ्यायची.

एक पोरगी मात्र ओरडा खाऊनही दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन बसायची. वय अठरा, बारावी अर्धवट. रक्त इतकं कमी की उभ्याउभ्या अंधारी यायची. सहा महिने मी तिला समोर बसवून गोळ्या गिळायला लावल्या. ती माझ्या डब्यातली भाजी चाखून नावं ठेवायची. "ताई, मीठ कुणासाठी वाचवून ठेवलंय?" खरं सांगते, मी डबा तिच्यासाठीच भरायला लागले होते.

रक्त वाढलं आणि तिने एक कागद मागितला. गल्फमध्ये घरकामाची नोकरी होती म्हणे. "निरोगी, अविवाहित एवढंच लिहून द्या ना, ताई." मी ऐटीत लिहिलं, खाली सही ठोकली. तिचं रक्त मीच वाढवलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. एकटीच जेवत होते आणि एकदम डोक्यात आलं. भांडी घासायला अविवाहित कशाला लागते?

तशीच उठून तिच्या घरी गेले. आई खुशीत होती. "जय भीम, ताई, या या." खाटेवर एजंट बाई बसलेली. पोरीचा मोबाइल तिने आधीच काढून घेतला होता, तिकडे नवा मिळेल म्हणून. काम कुठल्या शहरात, कुणाच्या घरी, विचारलं तर म्हणाली, "बडे लोग हैं." संध्याकाळी निघायचं होतं. मग तोंडात आलं ते बोलले, "कागद परत द्या. हिला टीबीचा संशय आहे."

एजंट बाईने मोबाइल आणि कागद खाटेवर टाकले आणि नाकाला पदर लावून निघून गेली. मी पोलिसांना कळवलं, पण तोवर त्या बाईने आपली भाड्याची खोलीही सोडली होती.

टीबीची बातमी मात्र गल्लीभर झाली. शेजारणींनी पोरीचा पाण्याचा ग्लास वेगळा केला. मी दारोदार जाऊन सांगितलं, खोटं बोलले होते, पोरगी ठणठणीत आहे. कुणी ऐकलं, कुणी नाही.

तिच्या घरी गेले तर तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "सगळ्यांशी बोललात, ताई. मला एकदा विचारलंत का, मला जायचं का होतं?"

सहा महिने आम्ही एका डब्यात जेवलो होतो, आणि मला खरंच माहीत नव्हतं.