प्रिस्किला सिस्टरच्या जिभेसाठी

खांडबाऱ्याजवळच्या सरकारी उपकेंद्रातल्या प्रिस्किला सिस्टरला बोलण्याची भारी हौस. स्कूटीवरून उतरण्याआधीच तिची अर्धी गोष्ट सांगून झालेली असे. अशा बाईला देवाने नर्स का केलं, हे चर्चचे पाळक योहान यांनाही कोडंच होतं. नर्सला गावाची सगळी दुखणी ठाऊक, आणि रविवारी उपासनेत पाळकसाहेब हमखास विचारणार, "कुणासाठी प्रार्थना करायची?"

तिथे आडपडदा नसे. घरात आदिवासी कोकणी बोलणारी ही माणसं प्रार्थनेपुरती मराठीत शिरली, की कुणाची मूळव्याध, कुणाचं गर्भाशय, सगळं प्रभूपुढे मांडलं जायचं आणि भरल्या चर्चपुढेही. प्रेमानेच मांडलं जायचं, हीच तर पंचाईत.

यंदा सोमीबाईवर ही वेळ आली. नवरा गेल्यापासून ही हसरी बाई जेवेना, झोपेना, चुलीपुढे बसून नुसती रडायची. प्रिस्किलाने तिला नंदुरबारला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सोमीबाई भाकर मागून खाऊ लागली. पण तिने बजावलं होतं, "मंडळीत कळलं तर गोळ्या फेकून देईन. म्हणतील, हिचा विश्वास कमी पडला."

तिची भीती खोटी नव्हती. मागे मंडळीतल्या हेमकांतला लोकांनी आग्रह करकरून अशाच गोळ्या सोडायला लावल्या होत्या. त्याला पुन्हा गोळ्यांवर आणताना प्रिस्किलाच्या नाकी नऊ आले.

एका रविवारी महिलांच्या पुढारी फुलवंताबाई उभ्या राहिल्या. "सोमीबाई सारखी नंदुरबारला कशाला जाते? सिस्टर, तूच नेतेस ना? सांग की. म्हणजे नेमकी प्रार्थना करता येईल."

मागच्या रांगेत सोमीबाईने पदर तोंडाशी धरला. सगळ्या माना प्रिस्किलाकडे वळल्या. 'तिचे गुडघे दुखतात' असं सांगून सुटता आलं असतं, पण देवाच्या घरात खोटं कसं बोलायचं? आणि खरं सांगितलं तर त्या गोळ्या संध्याकाळपर्यंत उकिरड्यावर.

"प्रार्थना माझ्यासाठी करा," प्रिस्किला उठून म्हणाली. "माझी जीभ किती सैल आहे, तुम्हाला माहीतच आहे. पेशंट भरवशाने सांगतो ते मला बाहेर काढायचं नाही, आणि खोटंही बोलायचं नाही. कुणाचं काय दुखतं ते देवाला ठाऊक आहे, त्याला माझ्याकडून कळायला नको. तुम्ही फक्त माझ्या तोंडाला कुलूप मागा."

आधी हशा पिकला. मग सगळे एकदमच मोठमोठ्याने प्रार्थना करू लागले. सोमीबाई तर डोळे घट्ट मिटून मागत होती.

दुपारी प्रिस्किला जेवायला बसते तोच दारात फुलवंताबाई. आत आल्या आणि दार त्यांनी स्वतःच लावलं.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही, काकी."

"पोरगा सुरतला गेल्यापासून मला झोप नाही गं. घास उतरत नाही, उगीचच रडू येतं. बायकांना प्रार्थना शिकवणारी मी! माझाच विश्वास कमी पडला का?"

प्रिस्किलाला भडभडून आलं. 'सोमीबाईचंही असंच होतं, आता बघा कशी जेवते,' हे अगदी ओठांवर आलं. किती धीर आला असता काकीला! तिने ते गिळलं, ताट बाजूला सारलं आणि फुलवंताबाईंचा हात हातात घेतला.

"नाही, काकी. हा आजार आहे. मंगळवारी नंदुरबारला जाऊ. आपण दोघीच."