सभेचा कोट

ते होते एका कागदाच्या गोदामातले भांडारपाल, पण सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणत. कुठलीही गोष्ट ते शेकड्यात सांगत. बायको गेल्यावर धाकटी बहीण त्यांच्याकडे राहायला आली. तीही एकटीच होती. "भात किती लावू?" असं तिने विचारलं, की "कालच्यापेक्षा दहा टक्के कमी," असं उत्तर मिळे.

धाकटी रफू करायची. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानातून ती फाटके कपडे घरी आणी आणि खिडकीशी बसून धागा धागा विणून काढी. टक्केसाहेबांकडे एकच चांगला कोट होता. त्याच्या डाव्या कोपराला कसर लागली, तेव्हा तिने ती जागा अशी भरली की चष्मा लावूनही ती त्यांना सापडेना. "सापडली तर पैसे परत," ती म्हणाली.

तो कोट वर्षातून एकदाच बाहेर निघे, विमा कंपनीच्या भागधारकांच्या सभेला. निवृत्तीचे बहुतेक पैसे टक्केसाहेबांनी त्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. दुकानात कुणी घसरून पडलं, कारखान्यात कुणाचा हात अडकला, तर मालकाच्या वतीने भरपाई देणारी ती कंपनी.

"यातली मेख काय माहीत आहे?" ते धाकटीला समजावत. "हप्ता आज येतो, भरपाई उशिरा जाते. मधल्या काळात तो पैसा कंपनीसाठी राबतो. जितका उशीर, तितका नफा."

"म्हणजे रडणाऱ्याला दारात बसवायचं आणि आपण आत व्याज खायचं."

"तुला हिशेबातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत, दादा. वर हात कर, बाही मोजायची आहे."

एका सभेत त्यांनी उभं राहून प्रश्न विचारला. इतर कंपन्या दावा निकाली काढायला दीड वर्ष घेतात, आपण आठ महिन्यांत पैसे देऊन मोकळे होतो, ही घाई कशासाठी? सभागृहात टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी सूचनेची नोंद घ्यायला सांगितलं आणि चहाच्या वेळी येऊन त्यांच्याशी हात मिळवला. आठवडाभर टक्केसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढच्या वर्षी त्या इस्त्रीच्या दुकानाचं शटर धाकटीच्या उजव्या हातावर कोसळलं. स्प्रिंग कधीची तुटायला आली होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं चिरडली. पहिली शस्त्रक्रिया लगेच झाली. डॉक्टर म्हणाले, "दुसरी सहा महिन्यांच्या आत करा. तोवर केली तर बोटं वळतील. नंतर सांधे धरून बसतात, मग माझ्याही हातात काही राहत नाही."

दुकानाचा विमा नेमका त्यांच्याच कंपनीचा निघाला. टक्केसाहेबांच्या जिवात जीव आला. "आपलीच कंपनी आहे," ते म्हणाले. "आठ म्हणतात, पण इतकं सरळ प्रकरण चार महिन्यांत निघेल."

"आणि नाही निघालं तर?"

"तर शेअर विकेन. पण आत्ता भाव पडलेला आहे. आत्ता विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा."

धाकटीने मान डोलावली. पैशाच्या बाबतीत दादा चुकत नाही, हे ती लहानपणापासून धरून चालली होती.

कंपनीने कागद मागितले. दिले. स्प्रिंगच्या दुरुस्तीच्या पावत्या मागितल्या. दुकानदाराने कुरकुरत दिल्या. मग तेच कागद पुन्हा, साक्षांकित करून. पाचवा महिना गेला, सहावा गेला. टक्केसाहेब रोज सकाळी भाव बघत आणि रोज स्वतःला सांगत, अजून एक आठवडा. आठव्या महिन्यात त्यांनी होते तेवढे सगळे शेअर विकले, पडेल त्या भावाने. शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी तिची बोटं वळवून पाहिली, पुन्हा पाहिली. ती वळली नाहीत.

टक्केसाहेब तडक कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीमागची अधिकारी मुलीच्या वयाची होती.

"काका, मला कळतंय," ती म्हणाली. "पूर्वी अशी प्रकरणं चार महिन्यांत सुटायची. आता प्रत्येक फाइल दुसऱ्या तपासणीला जाते."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. भागधारकांच्या सभेत कुणीतरी विचारलं होतं म्हणे, घाई कशासाठी. तेव्हापासून."

एका भांडारपालाच्या प्रश्नाने एवढी मोठी कंपनी चालत नाही, हे त्यांना समजत होतं. घरी येईपर्यंत ते हेच स्वतःला समजावत राहिले. जिना चढताना ते समजावणं संपलं.

धाकटी खिडकीशी बसली होती. मांडीवर त्यांचाच कोट होता. आता उजव्या कोपराला कसर लागली होती, आणि ती डाव्या हाताने सुई धरायला शिकत होती. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. सभा, प्रश्न, अध्यक्षांनी मिळवलेला हात. काही वगळलं नाही.

तिने कोट मांडीवर सरळ केला.

"टाळ्या किती जणांनी वाजवल्या?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी."

"तुला बरं वाटलं असेल."

"हो," ते म्हणाले. "खूप."

सुईतला धागा निघाला होता. तिने एकदा ओवून पाहिला, दोनदा पाहिला, मग सुई आणि धागा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. पाचव्या खेपेला धागा गेला. तिने सुई परत घेतली आणि काम पुढे चालू केलं.

भरपाई चौदाव्या महिन्यात आली. सभेचं निमंत्रण मात्र पुन्हा कधी आलं नाही, शेअरच उरले नव्हते. तो कोट टक्केसाहेब आता रोज घालतात, दूध आणायला जातानासुद्धा. डाव्या कोपराचं रफू त्यांना अजून सापडत नाही. उजव्या कोपराचं रस्त्याच्या पलीकडूनही दिसतं.