इटलीतल्या भिंतीवरचे वेंकोबा

मद्रासमधल्या गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात कारकुनी करणारे वेंकोबा कागदोपत्री मरून वीस वर्षं झाली होती. पण मेलेल्या माणसाला इतकी कॉफी पिताना कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते लढले त्या इटलीतल्या रणभूमीवर स्मारकाची भिंत आहे. तिच्यावर कामी आलेल्या जवानांत यांचंही नाव चुकून कोरलेलं. त्या कोरलेल्या नावाचा फोटो टेबलाच्या खणात असे. नवा माणूस नोकरीला लागला की फोटो बाहेर निघे. "मी कैलासवासी वेंकोबा," अशी स्वतःची ओळख करून देऊन ते त्याच्याकडूनच कॉफी उकळत.

घरात मात्र फोटोला बंदी होती. "अय्यो, तिकडे माझं कुंकू पुसून ठेवलंय, आणि तुमी मिरवताय!" कनका, त्यांची बायको, कडाडे. लष्कराकडून नावदुरुस्तीचा अर्ज येऊन तीन वर्षं तांदळाच्या डब्याखाली पडला होता. सही तेवढी बाकी होती. हजेरीपटापलीकडे कुठे नाव न लागलेल्या माणसाला दगडावरचं नाव सोडवत नव्हतं, दुसरं काय!

महालय अमावास्येला तर्पण करताना पितरांच्या ओंजळी संपल्या, आणि दरसालप्रमाणे वेंकोबांनी आणखी एक सोडली. या खेपेला कनकाने विचारलंच.

"ही कोणाला?"

"नागोजीला. पहाऱ्यावर जाताना कुडकुडत होता, म्हणून माझा कोट दिला. खिशात माझी कागदपत्रं. मी जखमी होऊन इस्पितळात पडलो, तो परत आलाच नाही. कोटावरून मीच मेलो असं ठरलं." कारखान्यातल्या गोष्टीत हा भाग कधीच नसे.

"मग त्यांचं नाव कोठे आहे?"

"कोठेच नाही. कागदावर तो नुसता बेपत्ता."

कनका उठली. डबा सरकवून अर्ज आणला, हातात पेन दिलं.

"'माझं नाव खोडा' म्हणून नका लिहू. 'नागोजींचं कोरा' म्हणून लिहा."

वेंकोबांनी तसं लिहून एका दमात सही केली.

पुढच्या वर्षी नागोजीचं नाव कोरलेल्या भिंतीचा नवा फोटो आला. तो कनकाने स्वतः घरात घेतला, पदराने पुसला. अमावास्येला एक पान जास्त मांडून तिने विचारलं, "नागोजींना काय आवडायचं?"

"आंबट सांबार. तिकडे रोज आठवण काढायचा."

तिने दोन पळ्या सांबार वाढलं. वीस वर्षं मजेत मेलेले वेंकोबा त्या पानासमोर बसून ढसाढसा रडले.