कच्चा हात

पत्रा कापून झाला की ते उजव्या कानामागून कापसाचा फाया काढायचे. नवख्या गिऱ्हाइकाला तो अत्तराचा वाटायचा. एकदोघांनी तर वास घ्यायला नाकही पुढे केलं होतं. फाया कोरडाच असे. तो दोन बोटांत धरून ते पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून अगदी हलका फिरवत. एक तंतू जरी अडकला तरी तो तुकडा मोडीत जाई. कुणी विचारलं, "मिस्त्री, काम साफ झालं का?" तर मान वर न करता म्हणत, "मले काय इचारता? कापसाले इचारा."

वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. पण कापसाकडून असं काम करून घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर तुम्ही भाग्यवान, किंवा माझ्यासारखेच फसलेले.

त्यांच्याविषयी लिहिताना 'ते' लिहावं की 'तो', यावर मी बराच वेळ अडून बसलो. मनात राग असतो तेव्हा 'तो'च येतं. पण मी त्यांना भाऊ म्हणत असे, आणि जिभेची सवय रागापेक्षा जुनी आहे. म्हणून 'ते'.

आमचं घर अमरावतीजवळच्या वलगावचं, भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि सणासुदीला झेंडू. मराठी सातवी झाल्यावर वडिलांनी माझ्या हाती खुरपं दिलं. मी सात-आठ वर्षं ते धरलंही, पण मन लागेना. मला लोखंडाचं वेड. लग्न झाल्यावर, चांगला चोविशीचा घोडा झाल्यावर, मी अमरावतीत अंबागेटच्या आत भाऊंच्या दुकानात कामाला लागलो. डोल, कोठ्या, तुपाचे डबे, सरकी मोजायची मापं, असा सगळा पत्र्याचा माल तिथे होई. पहिल्या दिवशी भाऊंनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले. "वांगे तोडाचे हात आहेत," म्हणाले. "पाहू, पत्र्याले चालते का ते."

तेव्हा आपण मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो आणि मोठं काही लागलं की नागपूरकडे तोंड करायची रीत होती. नागपूरहूनच एका डॉक्टरीणबाईंनी एक नवा पत्रा आणला. त्यांचं अमरावतीतच बायकांचं खासगी इस्पितळ होतं. पत्रा चांदीसारखा पांढरा, आणि न गंजणारा. आम्ही त्याला विलायती पत्रा म्हणू. शस्त्रं उकळून ठेवायला त्यांना त्याचे ट्रे हवे होते, आणि कड अशी हवी होती की बोट फिरवलं तर कळू नये. त्या काळी रबरी हातमोजे दुर्मीळ. धुऊन, उकळून पुन्हा वापरायचे. ट्रेची कड खरखरीत असली की मोजा फाटायचा, आणि फाटक्या मोज्यातून बाळंतिणीला काय होऊ शकतं हे बाईंनी आम्हाला तिथेच, दुकानात उभं राहून, स्पष्ट शब्दांत सांगितलं. भाऊंनी कानामागचा फाया काढून त्यांना दाखवला. बाई पहिल्यांदाच हसल्या.

त्या पत्र्याची जातच हट्टी. साधा पत्रा कापताना चूक झाली तर कानस मारून ती झाकता येते. याला जितकं घासावं तितका तो त्या जागी कडक होतो, आणि कानशीचे ओरखडे वर राहतात ते निराळेच. म्हणजे कात्रीनंच पहिल्या झटक्यात साफ कापायला हवं. भाऊ कापत. जमिनीवर बसून, गुडघ्याखाली पत्रा दाबून, दाराकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून. तोंडात भजन, आणि मधून मधून कात्रीच्या मुठी एकमेकींवर आपटल्याचा आवाज. खट्. जरा थांबून पुन्हा खट्. पत्रा कागदासारखा सुटून येई.

"उजेड दाराकडून येते," हे पाठ करून बसण्याचं कारण त्यांनी सांगितलं होतं. मला ते पटलं. उजेड खरोखरच दाराकडून यायचा.

मला शिकवताना ते शेजारी बसत. "कात्री पुरी मिटव. टोकापर्यंत. अर्धवट सोडशीन तर पत्रा चिरते." मी मिटवी. "अजून. मुठी वाजल्या पायजे." मी वाजवी. आणि प्रत्येक झटक्याच्या शेवटी, जिथे कात्रीचं टोक मिटे तिथे, कडेला बारीकसा दात उभा राही. डब्याच्या कामात तो दुमडीत दडून जायचा, कुणाला कळायचंही नाही. विलायती पत्र्यावर मात्र कापूस फिरवला की तंतूंची रांग लागे. भाऊ माझ्या कडेकडे पाहत, मग माझ्याकडे. रागावत नसत. उलट पाठीवर हात ठेवून म्हणत, "हात कच्चा आहे लेका. होते हळूहळू. काईले घाई करतं?"

चार वर्षं मी तो कच्चा हात घेऊन हिंडलो. बायकोला सांगितलं, माझा हात कच्चा आहे. तिनं बिचारीनं मला रोज तिळाचं तेल चोळायला दिलं. मला वाटे, झटका कमी पडतो. म्हणून मी आणखी जोरात मिटवी, आणि दात आणखी मोठा येई.

वाईट माणूस होते असं कसं म्हणू? आषाढात मला हिवताप आला तेव्हा दुकान बंद करून ते वलगावपर्यंत सायकल हाणत आले होते. खाटेजवळ बसले आणि माझ्या वडिलांना वांग्यावरच्या किडीचे उपाय सांगत राहिले. सगळे चुकीचे. वयनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, मला न जेवता कधी जाऊ देत नसत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या अर्ध्या भाकरी तरी मी खाल्ल्या असतील, आणि त्या भाकरी मला अजून गोडच आठवतात. याचाच मला संताप येतो.

पुढे डॉक्टरीणबाईंनी अकोल्याला दुसरं इस्पितळ काढलं. तिथल्या भांड्यांचं सगळं काम करायला त्यांना कायमचा माणूस हवा होता. त्यांनी भाऊंना विचारलं, "तुमचा हा माणूस द्याल?"

"नेऊन पाहा," भाऊ म्हणाले. "मानूस सोनं आहे. हात तेवढा कच्चा आहे."

बाईंनी मला एक ट्रे करायला दिला. दोन दिवस मी त्यावर जीव ओतला, दर झटक्याला मुठी वाजवून. इस्पितळात बाईंनी मोजा घातला, कडेवरून हात फिरवला, आणि मोजा तर्जनीपाशी टर्रकन फाटला. फाटका मोजा काढून त्यांनी ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. मी तो पिशवीत घालून परत आलो. भाऊंनी विचारलंसुद्धा नाही काय झालं. वयनींना म्हणाले, "आज ह्याले पिठलं टाक, त्याले आवडते."

त्या महिन्यात मी ठरवलं की आता वलगावला परत जायचं. वांगी तोडायचे हात वांग्यालाच बरे. वडिलांना निरोप धाडला. निघायच्या आदल्या सकाळी भाऊंना सांगायला दुकानात गेलो, तर ते नेहमीसारखे दाराकडे तोंड करून विलायती पत्रा कापत बसले होते. मी रस्त्यावरून येत होतो, म्हणजे त्यांच्या समोरून. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. मग लक्षात आलं. खट् नव्हतं.

भाऊ उजव्या करंगळीत घोड्याच्या नालेची अंगठी घालत, शनीची म्हणून. त्या दिवशी करंगळी सुजली होती, तिला चिंधी बांधली होती, आणि अंगठी ऐरणीवर काढून ठेवलेली होती. कात्री चालली होती, पण मिटत नव्हती. टोकाच्या बोटभर आधी ते थांबत, तशीच ती पुढे सरकवत, आणि पुन्हा दाबत. मुठी एकमेकींना लागतच नव्हत्या. म्हणजे चार वर्षं मी जो आवाज ऐकत होतो तो मुठींचा नव्हता. दर झटक्याला ते ती अंगठी मुठीवर आपटत होते. माझ्यासाठी.

"भाऊ, कात्री मिटली नाई," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "बोट सुजलं आहे."

"बोटाचं नाई इचारलं म्या. तुमी मले टोकापर्यंत मिटव म्हनलं होतं."

"म्हनलं होतं."

"कावून?"

त्यांनी कानामागचा फाया काढला, कडेवरून फिरवला, परत कानामागे ठेवला. मग म्हणाले, "इतके वर्सं झाले. तुनं एक डाव तरी इचारलं का, भाऊ, तुमी बी तसंच करता का?"

चोरानं घरधन्याला म्हणावं की कडी का लावली नाहीस, तसलं ते बोलणं. पण खोटंही नाही. मी विचारलं नव्हतं. ज्याच्या घरची भाकर खातो त्याला असं विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मागून म्हणाले, "जेवून तरी जाय." मी वळलो नाही.

वलगावला अंगणात बसून मी त्या परत आलेल्या ट्रेच्याच पत्र्याचा एक तुकडा कापला, कात्री न मिटवता. कापूस सरसर निघून गेला. बायको आनंदानं हसली, माझ्या वडिलांना हाक मारायला धावली. मी मात्र तिथेच बसून रडलो. हात चांगला होता हे कळल्यावर माणसानं खूश व्हायला हवं. मला फक्त चार वर्षं दिसत होती, आणि माझ्या पाठीवर ठेवलेला तो हात.

तोच तुकडा घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अकोल्याचं काम मला मिळालं. पुढे तिथेच माझं दुकान झालं.

भाऊ एकदाच अकोल्याला आले. कळवलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकं होती. ते स्टुलावर बसले, चहा प्याले, एक ट्रे उचलून न्याहाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याचा हात म्या घडवला." लोक आदरानं पाहू लागले. एकानं मला विचारलं, "हो का हो?" मी मान हलवली. का हलवली, कोण जाणे. चारचौघांत त्यांना खोटं पाडणं मला जमलं नाही. जाताना त्यांनी माझ्या बायकोच्या हातच्या चहाची तारीफ केली, आणि दुसऱ्या कशाचाही विषय काढला नाही. मी वाट पाहत होतो. एक शब्द पुरला असता.

तो शब्द आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचंच कळलं.

तेरवीला मी अमरावतीला गेलो. दुकानाच्या बाजूची माणसं, पत्रेवाले, इस्पितळातले दोघं, सगळे माझ्याशी येऊन बोलत होते, घरचं माणूस गेल्यासारखं. "तुमचे गुरू गेले," म्हणत होते. पंगत बसली. वयनींनी मला पहिल्या पाटावर बसवलं. वाढता वाढता माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक इचारू का? तुमी रुसून गेलते. म्या ह्यायले लय डाव पुसलं, काय झालं म्हनून. कधी सांगतलं नाई. मान खाली घालत. काय केलं होतं ह्यायनं?"

त्यांच्या हातात वरणाचं पातेलं होतं. डोळे रडून लाल झाले होते. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, अंगठीसकट. आणि मला कळलं की ही बाई सोडून ते ऐकायला जगात आता कुणी उरलेलं नाही, आणि हिला ते सांगता येणार नाही. मला फसवून झाल्यावर त्या माणसानं मला आपल्या खोट्याचा साक्षीदारही करून ठेवलं होतं.

"काहीच नाई, वयनी," मी म्हणालो. "माहाच हात कच्चा होता. शरमेनं गेलो."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी माझ्या भातावर वरण वाढलं आणि पुढच्या पाटाकडे गेल्या.