साठीपर्यंतचं खातं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते हिशेब पाहत असत. बिल्डिंगमध्ये कुणाला पहिली नोकरी लागली, की पेढे आधी त्यांच्याकडे जातात, कारण टॅक्स वाचवायला पैसे कुठे गुंतवायचे ते तेच सांगतात. आवारातल्या खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर सरकवून ते आधी वय विचारतात आणि लगेच म्हणतात, "वा! म्हणजे वेळच वेळ आहे तुझ्याकडे."

माझ्या मुलीला त्यांनी पेन्शनचं खातं सुचवलं होतं.

"काका, साठीपर्यंत पैसे अडकणार? तेव्हा तुम्ही तरी असाल का?"

"मी नसेन गं. तू असशील ना!"

दोघंही खूप हसले होते.

गेल्या वर्षी ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. त्या खात्यातले पैसे वारस म्हणून माझ्याकडे आले. गृहस्थ भेटायला आले, तासभर बसले आणि चहा न घेताच उठले.

परवा दुसऱ्या मजल्यावरची मुलगी पेढे घेऊन आवारात त्यांच्याकडे आली. मी वर खिडकीत उभा होतो.

"काका, पेन्शनचं खातंच उघडू ना? टॅक्स वाचेल."

त्यांनी वय विचारलं नाही. हातातला पेढा खाली ठेवला.

"टॅक्स भर गं," ते म्हणाले. "वर्षभराची ठेव कर. तेवढी पुरे."

त्यांनी मान वर करायच्या आत मी खिडकीतून मागे सरलो.