गोळ्यांसोबत फुटाणे

पुण्याच्या तिसऱ्या मुलाखतीला निघण्याआधी मी आईला बजावून ठेवलं होतं, की यावेळी गल्लीत कोणापाशी बोलायचं नाही. पहिल्या दोन वेळी तिने अर्ध्या शहाद्याला सांगितलं होतं आणि नंतर महिनाभर भाजीवालीसुद्धा मला "काय झालं हो तुमच्या पुण्याचं?" असं विचारत होती. मी मुळात तापट. एकदा तर तोललेली भेंडी तिथेच टाकून घरी आलो.

नोकरी एका मोठ्या खासगी रुग्णालयात वरिष्ठ फार्मासिस्टची होती. मी चौदा वर्षं मोलगीच्या पुढच्या डोंगरात एका दवाखान्यात औषधं देत होतो, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा दोन फोटो, पुन्हा तीच सही. बरोबर शिकलेले मित्र कुठल्या कुठे गेले. जाहिरातीत वयाची अट पंचेचाळीसची असायची आणि मी चव्वेचाळीसचा होतो. एकदा तरी मोठ्या ठिकाणी, हाताखाली चार माणसं घेऊन काम करावं, असं मला फार वाटत होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण कबूल करायला मला वेळ लागला.

पहिल्या मुलाखतीत विचारलं, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." मी ताठ बसून म्हणालो, "चौदा वर्षांत एकही नाही." समोरच्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरीकडेही तोच प्रश्न आला, तेव्हा मी कोणाच्याच अंगाला न लागणारी एक चूक पाठ करून गेलो होतो, मुदत संपलेली एक पेटी उशिरा लक्षात आल्याची. दोन्हीकडून आभाराचा मेल आला.

खरी चूक मी फक्त आईला सांगितली होती.

त्या चुकीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. वरच्या पाड्यावरची एक बाई पहिल्यांदाच फेफऱ्याच्या गोळ्या न्यायला आली. मी तीस गोळ्या दिल्या आणि तिच्या पावरी बोलीत नीट समजावलं, रोज रात्री एक, चुकवायची नाही. तिने सगळं बरोबर म्हणून दाखवलं. मी खूश झालो. बाराव्या दिवशी तिला झोळीत घालून आणलं. चुलीपुढे झटका आला होता आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. गोळ्या पाच दिवसांतच संपल्या होत्या. घरात माणसं सहा, आणि ती रोज रात्री प्रत्येकाला एक देत होती. बाकीचे पाच जण ते पाच दिवस नुसते पेंगत होते. घरात मासे येवोत की गूळ, त्याचे वाटे पडतात, हे मला तिथे पाच वर्षं काढून चांगलं ठाऊक होतं. गोळ्यांचेही पडतील, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. घरात कोण कोण आहे, एवढंही मी तिला विचारलं नव्हतं.

वर मी तिच्यावरच ओरडलो. हात भाजलेल्या बाईवर! ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यांसमोर मी एकटीने कसं खायचं?"

पुढच्या मोलगीच्या बाजारात मी किलोभर फुटाणे घेतले. तिच्या गोळ्यांसोबत एक पुडी बांधून दिली. "हे घराचं, वाटून टाक. गोळ्या फक्त तुझ्या." त्या महिन्यात गोळ्या पूर्ण तीस दिवस पुरल्या. तेव्हापासून महिनोन्महिने औषध लागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी घरातली माणसं विचारतो, मग औषध देतो, मग फुटाणे. तपासणीला कोणी साहेब आले की फुटाण्यांचा डबा कपाटात जायचा.

तिसऱ्या वेळी निघताना आई म्हणाली, "फुटाणास्नी गोट कसाले लपाडस रे? तुनी काही चोरी करी शे का?"

"ते हसतील."

"हासू दे ना मंग."

मुलाखतीत तोच प्रश्न आला. पेटीची चूक जिभेवर तयार होती. पण मला त्या बाईचं कोपर आठवलं आणि मी सगळं सांगून टाकलं, ओरडलो तेसुद्धा. फुटाण्यांपाशी एक तरुण मॅनेजर खरंच हसला. माझे कान तापले. औषध विभागाचे प्रमुख, निवृत्तीला आलेले गृहस्थ, हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या काउंटरवर फुटाणे चालणार नाहीत. मग काय कराल?"

"औषध देण्याआधी विचारीन," मी म्हणालो, "घरात कोण कोण आहे."

आठ दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आईने गल्लीत सांगितलं आणि मी तिला सांगू दिलं.

महिन्याच्या गोळ्या न्यायला ती बाई दवाखान्यात आली. गोळ्या आणि पुडी देताना मी म्हणालो, पुढच्या महिन्यापासून इथे दुसरा माणूस असेल, मी त्याला सगळं समजावलंय, डबाही दाखवलाय. तिने विचारलं, कुठे जाणार, किती लांब. मग म्हणाली, "तिथे तुझ्या घरात कोण कोण?"

"कोणी नाही. आई शहादा सोडणार नाही. मी एकटाच."

तिने पुडी तिथेच काउंटरवर उघडली. सासरा गेल्यापासून तिच्या घरात पाच जण होते. त्या भाजून सुरकुतलेल्या कातडीच्या हाताने तिने सहा वाटे केले, पाच पुन्हा कागदात गुंडाळले आणि सहावा माझ्यापुढे सरकवला. नऊ वर्षं मी फुटाणे देत होतो, पण त्यातला एक दाणा मी कधी तोंडात टाकला नव्हता.

"माझ्यासमोर खा," ती म्हणाली. "तिथे कोणासमोर खाशील?"

मी खाल्ले. तिच्यामागे रांग खोळंबली होती आणि मला पुढचं नाव पुकारता येत नव्हतं.